उपरण्याखालचा भाव

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

नरसी नामदेव, जि. हिंगोली
डिसेंबर २०२५

सन्माननीय मंत्रिमहोदय,



मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं गणित. निवृत्तीनंतर एक काम आपोआप माझ्याकडे आलं. नरसीत कोणाच्या घरी टीव्ही घ्यायचा ठरला, की माणसं हिंगोलीला जाताना मला सोबत नेतात. "गुरुजी, पैसे आमचे, बोलायचं तुम्ही." पहिल्यांदा शेजाऱ्यासाठी गेलो आणि दोन हजार कमी करून आणले. ती बातमी दोन दिवसांत गावभर झाली. मग दिवाळीच्या तोंडावर, लग्नसराईत, हळदीचे पैसे हातात आले की उन्हाळ्यात, कोणी ना कोणी दारात उभं राहू लागलं.

हे काम मी मन लावून शिकलो. शनिवार-रविवारी किंवा सणाच्या आदल्या दिवशी दुकानात जायचं नाही, तेव्हा गर्दी असते आणि सेल्समनला आपली गरज नसते. महिनाअखेरीला जायचं, कारण कंपनीनं दुकानदाराला दिलेलं टार्गेट तेव्हा अंगावर आलेलं असतं. नुसतं 'त्रेचाळीस इंची दाखवा' म्हणायचं नाही. मॉडेल नंबर घरूनच कागदावर लिहून न्यायचा, कारण एकाच कंपनीच्या एकाच आकाराच्या दोन टीव्हींत चार-पाच हजारांचा फरक असतो आणि बंद असताना दोन्ही सारखेच काळे दिसतात. खोकं मागवून त्यावरचा तयार केल्याचा महिना आणि वर्ष वाचायचं. माल वर्षभर पडून असेल तर तो काढायची घाई दुकानदारालाच असते. आधी रोखीचा भाव काढून घ्यायचा. हप्त्याचा विषय काढायचा नाही, घरी जुना टीव्ही आहे हेही सांगायचं नाही. भाव पक्का झाला की मग विचारायचं, जुन्याचे किती धरता? आणि भाव तोंडी घ्यायचा नाही. दुकानाच्या कार्डामागं आकडा लिहून घ्यायचा, कार्ड खिशात टाकायचं आणि पुढच्या दुकानाची पायरी चढायची.

यंदा दिवाळीच्या आधी एका शेतकरी मित्रासाठी गेलो होतो. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं त्यांचं सोयाबीन गेलं, पण मुलगा पुण्याला कामाला लागला आहे, त्यानं पैसे पाठवले होते. सकाळी दुकान उघडताच पोहोचलो. त्रेचाळीस इंची टीव्हीचे सेल्समननं एकतीस हजार पाचशे सांगितले. मालक म्हणाले, "गुरुजी, तुमच्यासाठी तीस." मी आधीच्या दिवशी दुसऱ्या दुकानातून आणलेलं कार्ड पुढं केलं, त्यावर अठ्ठावीस हजार दोनशे लिहिलं होतं. मालकांनी कॅल्क्युलेटर ओढला, कोणाला तरी फोन लावला. "अठ्ठावीस. भिंतीचा स्टँड फुकट." मी म्हणालो, सत्तावीस. "नाही जमत गुरुजी, घरून घालावे लागतील." मी उठलो. मित्राला म्हणालो, चला भाऊ, एसटी गाठायची आहे. दाराशी पोहोचलो तसा मागून आवाज आला, "या हो, बसा. भवानीचं गिऱ्हाईक परत लावत नसतो. हे बघा." कॅल्क्युलेटरवर आकडा होता सत्तावीस पाचशे, स्टँडसकट. पक्कं बिल घेतलं. टीव्ही भिंतीला लावून द्यायला माणूस दुसऱ्या दिवशी नरसीला आला. मित्राच्या घरी चहा झाला, माझं कौतुक झालं, आणि मलाही आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी त्याच दुकानातून, त्याच मॉडेलचा टीव्ही आमच्या गल्लीतल्या एका बाईनं आणला. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा नाही, दोन मुलं आणि सासू. सासूबाईंनी आयुष्यभर पंढरीची पायी वारी केली. आता गुडघे राहिले नाहीत आणि नजरही अधू झाली. आषाढीला पंढरपूरची महापूजा सह्याद्री वाहिनीवर थेट दाखवतात, ती त्यांना नीट दिसावी म्हणून मोठा पडदा हवा होता. मला विचारलं नाही, कारण त्या आठवड्यात मी मुलीकडे परभणीला गेलो होतो आणि दिवाळी तोंडावर आली होती.

तिनं तीस हजारांना घेतला. बारा हप्ते, प्रत्येकी अडीच हजार. त्यातले चार दुकानातच भरले, आठ नंतर. फाइल करायचे सातशे. स्टँडचे सहाशे, त्याचं बिल नाही. मी पाटी घेऊन हिशेब मांडावा असं त्यात काही अवघड नाही. तिला टीव्ही एकतीस हजार तीनशेला पडला, माझ्या मित्राला सत्तावीस हजार पाचशेला. तीन हजार आठशेंचा फरक.

ती माझ्याकडे चौथीत होती. गणितात वर्गात पहिली. काळ-काम-वेगाची उदाहरणं तोंडी सोडवायची. सरकारी जाहिरातींत आम्हा ग्राहकांना जागे व्हायला सांगतात. ही मुलगी जागीच होती, साहेब. तिनं दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हाच, की शेवटचा भाव किती. तिला सांगितलं, "ताई, बावन्न हजार नऊशे नव्वदचा माल आहे, खोक्यावर बघा. तुम्हाला तीसला देतोय." तिनं खोकं पाहिलं. आकडा खरंच छापलेला होता. त्रेचाळीस टक्के सूट म्हणून पाटी होती, तिनं मनात गुणाकार केला, तोही बरोबर निघाला. तिच्याजवळ गणित होतं, पण ज्यावर ते चालवायचं तो खरा आकडा दुकानात कुठंही लिहिलेला नव्हता.

याच एका गोष्टीसाठी हे पत्र आहे.

टीव्हीच्या खोक्यावरची छापील कमाल किंमत, ज्याला आपण सगळे एमआरपी म्हणतो, ती ठरवते कंपनी. त्या किमतीच्या वर एक रुपया घेतला तर गुन्हा आहे. मात्र ती किंमत मुळात किती असावी, ती आणि प्रत्यक्ष विक्री यांत किती अंतर असावं, यावर कसलंच बंधन नाही. बिस्किटाच्या पुड्यावर ही किंमत ग्राहकाचं रक्षण करते, कारण पुडा त्याच किमतीला विकला जातो. टीव्हीवर ती उलटं काम करते. मी गेल्या काही वर्षांत जितके टीव्ही घेऊन दिले, त्यातला एकही छापील किमतीच्या आसपाससुद्धा विकला गेलेला मी पाहिला नाही. त्या आकड्याचा उपयोग एवढाच उरला आहे, की त्याच्याशी तुलना करून कोणताही भाव स्वस्त वाटावा.

किमतीत फसवण्याचं एक दार सरकारनं ग्राहकाच्या बाजूनं पूर्वी एकदा बंद केलेलं आहे, आणि मी त्याचा साक्षीदार आहे. १९८७च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, त्या वर्षी मी पहिला टीव्ही घेतला, ब्लॅक अँड व्हाईट, चौदा इंची. आमच्याच मराठवाड्यात, औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहण्याचे ते दिवस. तरी टीव्हीचा भाव आम्हाला कळायचा तो दुकानदाराच्या तोंडून. खोक्यावर किंमत असे आणि पुढं लिहिलेलं असे, 'स्थानिक कर वेगळे'. हे स्थानिक कर किती, ते दुकानदार चिठ्ठीवर लिहायचा. मी गणिताचा मास्तर, पण त्या चिठ्ठीवरचा आकडा खरा की खोटा हे मला ठरवता आलं नाही. निमूटपणे भरले. रविवारी सकाळी अर्धी आळी आमच्या ओट्यावर बसलेली असायची. मी बांबूला बांधलेला अँटेना फिरवत राही आणि मनात तोच हिशेब घोळत राही. १९९०मध्ये नियम बदलला. 'सर्व करांसहित' कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं आणि ती चिठ्ठी गेली. एका शब्दसमूहानं कोट्यवधी माणसांची लूट थांबली. पुढं २००९चा वैध मापन कायदा आला, २०११चे आवेष्टित वस्तूंचे नियम आले, तरी मूळ विचार तोच राहिला, की किंमत वर जाऊ द्यायची नाही. आज टीव्हीच्या बाजारात फसगत होते ती त्या किमतीच्या खाली, आणि तिथं कायद्याची नजर पोहोचत नाही.

मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, म्हणून मला दुसरं एक उदाहरण आठवतं. जुन्या काळी मोंढ्यात धान्याचा भाव उपरण्याखाली ठरायचा. आडत्या आणि खरेदीदार यांचे हात कापडाखाली, बोटं दाबून आकडे सांगायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. याला हत्ता पद्धत म्हणत. वडिलांनी ती पाहिली होती. ते सांगायचे, की वर कापड हलताना दिसायचं आणि आपलं वर्ष त्याखाली ठरायचं. आमचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तिथं शेतीमालाच्या बाजाराचा कायदा १९३०मध्येच झाला. पुढं बाजार समित्या रुजल्या, उघड लिलावाचा नियम झाला. आज हिंगोलीत किंवा वसमतला हळदीचा लिलाव उभ्या ढिगाऱ्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असा होतो. भाव पडतो तेव्हा शेतकरी रडतो, पण शेजारच्या ढिगाऱ्याला काय मिळालं हे त्याला त्याच जागी कळतं. भाव पटला नाही तर तो माल परत नेऊ शकतो.

टीव्हीच्या दुकानात अजून उपरण्याखालचाच भाव चालू आहे. मी सत्तावीस पाचशेला घेतला हे शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून मालकांनी आकडा मला कॅल्क्युलेटरवर दाखवला होता. मला त्या वेळी त्यात माझा मान वाटला. आज त्याची टोचणी लागली आहे. मला सोडलेले पैसे दुकानदारानं घरून घातले नाहीत, ते माझ्यानंतर येणाऱ्या आणि कमी बोलणाऱ्या माणसाकडून वसूल होणार होते. यंदा ते माझ्याच विद्यार्थिनीकडून झाले.

कोणी म्हणेल, घासाघीस ही तर आपली रीत आहे. आहेच. परतवारीला, आषाढ वद्य एकादशीला, आमच्या गावात नामदेवांच्या दर्शनाला लाखो माणसं लोटतात. बांगड्यांच्या, खेळण्यांच्या दुकानांवर दिवसभर घासाघीस चालते आणि मला ती ऐकायला आवडते. तिथं घेणारीला चार दुकानं दिसतात, बांगडीची किंमत साधारण ठाऊक असते, आणि चुकलंच तर वीस रुपयांनी चुकतं. सोन्याचंही उदाहरण घ्या. सोन्यासारख्या मौल्यवान वस्तूचा त्या दिवसाचा भाव सराफाच्या फलकावर लिहिलेला असतो. बोलणं होतं ते घडणावळीवर. म्हणून दोन तोळ्यांची पोत घ्यायला गेलेली अडाणी म्हातारीसुद्धा सोन्याच्या भावात फसत नाही. टीव्हीच्या दुकानात भिंतीवर तीस-तीस पडदे चमकत असतात आणि एकावरही आजचा भाव नसतो. मी एका ओळखीच्या दुकानदाराला विचारलं, लिहीत का नाही? ते खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, भाव लिहिला की बोलणं संपतं."

या दुकानदारांना मी चोर म्हणत नाही, तसं समजू नये. त्यांच्याशी माझं वर्षानुवर्षांचं बोलणं आहे. टीव्हीच्या किमतीचा मोठा भाग पॅनेलचा, ते बहुतेक परदेशातून येतं, त्यावर त्यांचा काही ताबा नाही. कंपनी त्यांना नफा सरळ देत नाही. इतके नग खपवले तर इतके, तिमाहीचं टार्गेट गाठलं तर आणखी, असं ते नंतर जमा होतं. त्यामुळे आज विकलेल्या नगावर नेमकं काय सुटलं हे कधीकधी त्यांनाही तीन महिन्यांनी समजतं. मोबाइलवरच्या सेलमध्ये त्यांच्या खरेदीपेक्षा कमी भाव दिसतो तेव्हा त्यांचाही जीव खाली-वर होतो. आणि पडद्यावर रेघ आली तर खेड्यातला माणूस शेवटी त्यांच्याच दारात जातो. हे सगळं मान्य करूनही, या अडचणींचं ओझं सगळ्यात दुबळ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर का ठेवायचं, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

आता हप्त्यांचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथंच लपते. माझ्या त्या विद्यार्थिनीला सांगितलं गेलं की व्याज शून्य टक्के आहे. अडीच हजार गुणिले बारा बरोबर तीस हजार, म्हणजे शून्यच दिसतं. पण रोखीनं तोच टीव्ही सत्तावीस पाचशेला मिळत होता. तिनं दुकानात दहा हजार भरले, म्हणजे उसने घेतले साडेसतरा हजार, आणि आठ महिन्यांत फेडायचे वीस हजार. दरमहा तीन टक्क्यांहून थोडं जास्त व्याज पडलं. सातशे रुपये फाइलचे धरले तर चार टक्के. ती ज्या बचत गटात आहे तो गट शेकडा दोननं पैसे देतो, आणि त्या दोन टक्क्यांचा नफा पुन्हा त्याच बायकांत वाटला जातो. शून्य टक्के ऐकल्यावर गटाकडे जायचा विचारही तिच्या मनात आला नाही. का यावा?

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा दुसरीकडे लपवलेलं असतं. १ ऑक्टोबर २०२४पासून कर्ज देणाऱ्यानं कर्जदाराला समजेल अशा भाषेत एक पत्रक द्यायचं आहे, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो ते लिहायचं आहे. हे चांगलं झालं. पण विचार करा, त्या पत्रकात हा अडीच हजारांचा फरक येणार कसा? कागदावर टीव्हीची किंमतच तीस हजार आहे. रोखीचा भाव कुठं लिहिलेला नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या पत्रकालाही तो सापडत नाही.

कराचंही तसंच झालं. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला. लोकांना वाटलं दहा टक्के स्वस्त. तसं नाही, हेही मी गावात फळ्यावर मांडून सांगितलं. करासह बत्तीस हजारांचा टीव्ही म्हणजे पंचवीस हजार मूळ आणि सात हजार कर. नव्या दरानं कर साडेचार हजार, एकूण साडेएकोणतीस. अडीच हजार कमी, म्हणजे आठ टक्क्यांच्या आत-बाहेर. तेवढे तरी मिळाले का? दुकानदार म्हणाले, करकपात धरूनच भाव सांगतोय. असेलही खरं. पण २१ सप्टेंबरला तो टीव्ही कितीला विकत होते, ते कुठं लिहिलेलं होतं? करकपातीचा लाभ न दिल्याची तक्रार ऐकणारी जी नफेखोरीविरोधी व्यवस्था जीएसटीसोबत आली होती, तिच्याकडे नव्या तक्रारी घेणं १ एप्रिल २०२५पासून बंद झालं आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा म्हणतात. करतो. पण पुरावा म्हणून काय सांगू?

माझ्या विद्यार्थिनीसाठी काही करता येईल का हे मी पाहिलं. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा चांगला आहे, याची मी गावात नेहमी माहिती देतो. बिल न देणं ही त्यात अनुचित प्रथा ठरते. वस्तू सदोष निघाली तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. स्टँडच्या सहाशे रुपयांच्या बिलासाठी आम्ही भांडू शकतो आणि भांडणार आहोत. मात्र टीव्ही छापील किमतीच्या बावीस-तेवीस हजारांनी खाली विकला गेला आहे. कायद्याच्या लेखी तिच्यावर अन्याय झालेलाच नाही, उलट तिला मोठी सूट मिळाली आहे.

मला काहीजण सुचवतात, की गुरुजी, तुम्ही सगळ्यांना भाव करायला शिकवा. शिकवतो आहेच. गेल्या वर्षी पाच घरांनी मिळून एकदम पाच टीव्ही घेतले, प्रत्येकाचे हजारभर वाचले. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून घाऊक खरेदी करून सभासद कुटुंबांत वाटप करते, त्यांच्यापासूनच ही कल्पना घेतली. पण प्रत्येक वेळी पाच घरं जमत नाहीत. मलाही आता वर्षं फार उरली नाहीत. आणि योग्य भाव मिळावा म्हणून माणसाला एक बोलका मास्तर सोबत न्यावा लागणं, ही काही व्यवस्था म्हणता येत नाही.

तेव्हा मागणी एकच आहे. दुकानात मांडलेल्या प्रत्येक टीव्हीवर आजचा रोखीचा विक्रीभाव, करासहित, तारखेसह, ठळक मराठीत लिहिलेला असावा. हप्त्यानं घेतल्यास सगळे हप्ते आणि सगळी शुल्कं मिळून एकूण किती पडतील, तो आकडा त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत असावा. दुकानदाराला भाव रोज बदलायचा तर त्यानं रोज बदलावा, वर न्यावा, खाली आणावा. त्याहून कमी करून घ्यायचं कौशल्य ज्याच्याजवळ आहे त्यानं खुशाल घासाघीस करावी, मीही करीन. फक्त बोलणं जिथून सुरू होतं ती रेघ सगळ्यांसाठी एक असावी, कपडे आणि पायताण पाहून आखलेली नसावी.

वैध मापनाचे नियम दिल्लीत बनतात, हे मला माहीत आहे. पण त्यांची अंमलबजावणी करणारे निरीक्षक आपल्या खात्याचे आहेत. किराणा दुकानातल्या काट्यावर त्यांचा शिक्का असतो, म्हणून आम्ही निर्धास्तपणे साखर घेतो. रेशन दुकानाबाहेर भावफलक असतो, पेट्रोल पंपावर असतो. नियमात बदल व्हावा म्हणून आपण केंद्राकडे महाराष्ट्राच्या वतीनं आग्रह धरावा. तोवर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या व्यापारी संघटनांना बोलावून त्यांच्याकडून हे स्वेच्छेनं सुरू करून घ्यावं. सुरुवात हिंगोलीपासून करा. आमच्या जिल्ह्याची ओळख मागास म्हणून दिली जाते, या बाबतीत तरी तो पहिला होऊ द्या. दुकानदारांशी बोलायला, दुकानोदुकानी हिंडून पाट्या लिहून द्यायला मी तयार आहे. फळ्यावर लिहून माझं अक्षर चांगलं आहे.

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन झाला. १९८६ साली त्या तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस. त्या संध्याकाळी मी माझ्या त्या विद्यार्थिनीच्या घरी जाऊन हा सगळा हिशेब तिला सांगितला. सांगू की नको, असं दोन महिने चाललं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुरुजी, मला तीस हजार जास्त आहेत हे कळलं असतं तर मी भांडले असते. मला कळायचं कशावरून?"

या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकलो नाही, म्हणून तो आपल्याकडे पाठवत आहे. तिचे अजून सहा हप्ते बाकी आहेत. पुढचा ५ जानेवारीला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
नरसी नामदेव